प्रेग्नेनोलोन की डीएचईए : पूर्वद्रव्य पोटात गेल्यावर त्याचे पुढे काय होते?

शेवंती

नमस्कार मंडळी. माझे वय एकोणचाळीस असून पुण्यात आमचे आयव्हीएफचे उपचार सुरू आहेत. एएमएच (अंडाशयातल्या बीजसाठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) कमी आल्यामुळे पुढच्या चक्रापूर्वी साधारण तीन महिने डीएचईए हे संप्रेरक घ्यावे, २५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीन वेळा, असे डॉक्टरांनी सुचवले आहे. हे न्यू जर्सीला राहणाऱ्या माझ्या नणंदेला कळले, तेव्हा तिने येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर प्रेग्नेनोलोनची बाटली पाठवून दिली. तिचे म्हणणे असे की डीएचईए हा साखळीतला मधला दुवा आहे आणि प्रेग्नेनोलोन हा उगम आहे. उगमाचे द्रव्य घेतले म्हणजे शरीर त्यातून हवे ते संप्रेरक हवे तेवढे घडवते आणि नको ते सोडून देते, त्यामुळे तेच जास्त नैसर्गिक आणि सुरक्षित.

ऐकायला हे पटते, पण डॉक्टरांना विचारले तर त्यांनी घाईघाईत "ते घेऊ नका" एवढेच सांगितले. का घेऊ नये, हे समजून घेण्याची माझी इच्छा आहे. कोणते पूर्वद्रव्य (म्हणजे ज्यापासून पुढचे संप्रेरक बनते ते) शरीरात कशात बदलते, किती बदलते, आणि ते कोण ठरवते, याची माहिती असलेल्यांनी कृपया लिहावे. औषध सुचवावे अशी अपेक्षा नाही. ते काम डॉक्टरांचेच आहे.

चहाटळ

नणंदेचे ऐकावे की डॉक्टरांचे, हा मूळ प्रश्न असेल तर त्याचे उत्तर जीवरसायनशास्त्रात सापडणार नाही. बाकी जाणकारांच्या प्रतीक्षेत बसलो आहे.

रसायनवेडा

शेवंतीताई, प्रश्न नेमका विचारला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सगळ्या स्टेरॉइड संप्रेरकांची सुरुवात कोलेस्टेरॉलपासून होते. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामध्ये सीवायपी११ए१ नावाचे विकर (एन्झाइम) कोलेस्टेरॉलची बाजूची साखळी तोडते आणि प्रेग्नेनोलोन तयार होते. येथून दोन वाटा फुटतात. थ्री-बीटा-एचएसडी हे विकर प्रेग्नेनोलोनचे प्रोजेस्टेरॉन करते, तर सीवायपी१७ए१ हे विकर त्याच प्रेग्नेनोलोनचे आधी १७-हायड्रॉक्सीप्रेग्नेनोलोन आणि मग डीएचईए करते. डीएचईएवर थ्री-बीटा-एचएसडीने काम केले की अँड्रोस्टेनडायोन मिळते, अँड्रोस्टेनडायोनचे टेस्टोस्टेरॉन होते, आणि अरोमाटेज हे विकर अँड्रोस्टेनडायोनचे इस्ट्रोन तर टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्राडायोल करते. त्वचा, प्रोस्टेट अशा ठिकाणी फाइव्ह-अल्फा-रिडक्टेज टेस्टोस्टेरॉनचे अधिक प्रखर असे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन बनवते.

तक्ता पाहिला की प्रेग्नेनोलोन सर्वांत वर दिसते आणि तुमच्या नणंदेसारखा निष्कर्ष कोणीही काढेल. पण तो तक्ता म्हणजे एका पेशीचे चित्र नव्हे. ही सगळी विकरे सगळ्या पेशींत नसतात. डीएचईएचे पुढचे रूपांतर करणारी विकरे त्वचा, चरबी, स्तन, प्रोस्टेट, यकृत अशी शरीरभर विखुरलेली आहेत. मात्र प्रेग्नेनोलोनचे डीएचईए करणारे सीवायपी१७ए१ मुख्यतः अधिवृक्क (अॅड्रिनल) ग्रंथी, वृषण आणि अंडाशय येथेच भरीव प्रमाणात असते. गिळलेले प्रेग्नेनोलोन आतड्यातून थेट यकृतात जाते. तेथे त्याच्या वाट्याला मुख्यतः पहिली वाट येते, म्हणजे प्रोजेस्टेरॉन आणि त्यापासून निघणारी अॅलोप्रेग्नॅनोलोनसारखी द्रव्ये, आणि बराच भाग प्रेग्नॅनडायोलच्या रूपाने लघवीवाटे निघून जातो. ज्याला डीएचईए हवे आहे त्याने प्रेग्नेनोलोन घेणे म्हणजे म्हणूनच वळणावळणाचा आणि बहुतांशी भलतीकडे जाणारा रस्ता धरणे आहे.

"शरीर हवे ते घडवते" या वाक्याबद्दल एवढेच म्हणेन की पाटाचे पाणी ज्या वाफ्याचे दार उघडे असेल त्या वाफ्यात शिरते. कोणत्या पिकाला तहान आहे याची चौकशी ते करत नाही.

कोकणकडा

वाचनखूण साठवली आहे. एक शंका आहे. आमच्याकडे एका परिचितांनी "वाइल्ड याम"चे मलम आणि कॅप्सूल विकायला सुरुवात केली असून त्यात "नैसर्गिक डीएचईए" असल्याचे सांगतात. याम म्हणजे आपले करांदे आणि कोनफळ यांचेच कुळ ना? मग लहानपणापासून आगोटीला पुरलेले आणि दिवाळीनंतर उकडून खाल्लेले करांदे कोणत्या खात्यात जमा झाले?

रसायनवेडा

कुळ तेच, डायोस्कोरिया. करांदा हा डायोस्कोरिया बल्बिफेरा आणि कोनफळ हा डायोस्कोरिया अलाटा. जाहिरातीतला वाइल्ड याम म्हणजे डायोस्कोरिया व्हिलोसा.

या दाव्यामागे एक खरा इतिहास आहे, म्हणूनच तो इतका टिकून राहिला. रसेल मार्कर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात मेक्सिकोतल्या रानकंदांतील डायोस्जेनिन या द्रव्यापासून प्रोजेस्टेरॉन बनवले. त्यातूनच १९४४ साली मेक्सिकोत सिंटेक्स ही कंपनी उभी राहिली आणि सोन्याच्या भावाने मिळणारी संप्रेरके सामान्य रुग्णाच्या आवाक्यात आली. परंतु ते रूपांतर प्रयोगशाळेत, तीव्र रसायने आणि उष्णता वापरून, टप्प्याटप्प्याने केले जाते. डायोस्जेनिनची ती बाजूची कडी तोडून त्याचे संप्रेरक करणारे विकर माणसाच्या शरीरात नाही. करांदे पिष्टमय पदार्थांच्या खात्यात जमा झाले, आणि मलमाचे पैसे विक्रेत्याच्या.

तालीमवाला

मी वेगळे मत मांडतो. डीएचईए टेस्टोस्टेरॉनपासून दोन पायऱ्या दूर आहे आणि प्रेग्नेनोलोन त्याहून लांब, हे रसायनवेडा यांनीच लिहिले. मग अँड्रोस्टेनडायोन, ज्याला व्यायामशाळांत "अँड्रो" म्हणत, ते तर फक्त एक पायरी दूर आहे. वाट जितकी छोटी तितकी गळती कमी, हा साधा हिशेब आहे. मार्क मॅग्वायरने १९९८ साली बेसबॉलमध्ये सत्तर होमरन मारले, तेव्हा त्याच्या कपाटात अँड्रोची बाटली दिसली होती. एवढा मोठा खेळाडू ते उगाच घेत असेल, असे मला वाटत नाही.

अंतःस्रावी

मी हाच व्यवसाय करतो, म्हणून तालीमवाला यांच्या हिशेबापासून सुरुवात करतो. तो हिशेब प्रत्यक्ष तपासला गेला आहे आणि तो चुकीचा ठरला आहे.

१९९९ साली जामा या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात तरुण पुरुषांना वजनांच्या व्यायामाबरोबर आठ आठवडे रोज ३०० मिलिग्रॅम अँड्रोस्टेनडायोन दिले. त्यांचे टेस्टोस्टेरॉन वाढले नाही, ताकद आणि स्नायू नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त वाढले नाहीत. वाढली ती इस्ट्रोजेन, आणि चांगले कोलेस्टेरॉल म्हणतात ते एचडीएल घटले. पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकातल्या दुसऱ्या अभ्यासात ३०० मिलिग्रॅमने टेस्टोस्टेरॉन सरासरी ३४ टक्के वाढल्याचे दिसले खरे, परंतु इस्ट्राडायोल १२८ टक्के वाढले. १०० मिलिग्रॅमने टेस्टोस्टेरॉन ढिम्म हलले नाही आणि इस्ट्राडायोल मात्र ४२ टक्क्यांनी वर गेले. एक पायरी दूर असलेल्या द्रव्याला दोन जिने उपलब्ध होते आणि पुरुषांच्या चरबीत अरोमाटेजचा जिना मोकळा होता.

मॅग्वायरबद्दल सांगायचे तर आपण अनेक वर्षे स्टेरॉइड घेत होतो, अशी कबुली त्याने स्वतः २०१० साली दिली. त्या सत्तर होमरनचे श्रेय अँड्रोच्या बाटलीला देता येणार नाही.

आता प्रेग्नेनोलोन. "ताणामुळे सगळे प्रेग्नेनोलोन कॉर्टिसोलकडे पळवले जाते, म्हणून ते बाहेरून भरून काढा", असा एक सिद्धांत समाजमाध्यमांवर फार फिरतो. अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्यकाचे तीन थर असतात, आणि प्रत्येक थरातली पेशी आपल्याला लागणारे प्रेग्नेनोलोन आपल्याच मायटोकॉन्ड्रियामध्ये तयार करते. तिन्ही थरांची सामाईक टाकी नसतेच, त्यामुळे एका थराने दुसऱ्याचे पळवण्याची सोय शरीरात नाही. शिवाय निर्मितीवरचे खरे नियंत्रण याच्याही आधीच्या पायरीवर आहे. मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीतून एसीटीएच हे संप्रेरक आले की स्टार नावाचे प्रथिन कोलेस्टेरॉलला मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यापर्यंत पोहोचवते, आणि किती माल आत जाईल ते तेथे ठरते. गोळी गिळून आपण त्या चौकीच्या पलीकडे उतरतो.

प्रेग्नेनोलोन निरुपयोगी आहे असे मात्र मी म्हणत नाही. त्यापासून बनणारे अॅलोप्रेग्नॅनोलोन मेंदूला शांत करणाऱ्या गाबा ग्राहींवर काम करते, म्हणून मनोविकारांत, मोठ्या मात्रेत, त्याचे प्रयोग झाले आहेत. आयव्हीएफची तयारी करणाऱ्या स्त्रीने मात्र तिला नको असलेला, गुंगी आणू शकणारा आणि प्रोजेस्टेरॉनच्या तपासणीचा अर्थ बिघडवू शकणारा परिणाम स्वतःवर का ओढवून घ्यावा?

तालीमवाला

आकडे दिल्याबद्दल आभार. तरीही इस्ट्रोजेन अडवणारी गोळी सोबत घेतली तर काय, असा प्रश्न उरतोच.

अंतःस्रावी

तो प्रश्न येथे उरू नये अशी माझी इच्छा आहे. अरोमाटेज रोखणारी औषधे स्तनांच्या कर्करोगात वापरतात, आणि पुरुषांच्या हाडांनाही इस्ट्रोजेन लागते. शिवाय आपण स्पर्धेत उतरत असाल, तर डीएचईए, अँड्रोस्टेनडायोन आणि अरोमाटेजरोधक ही तिन्ही वाडा या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदीच्या यादीत आहेत. "दुकानात उघड मिळत होते" हा बचाव नाडा या आपल्याकडच्या उत्तेजकविरोधी संस्थेपुढे चालत नाही.

टोरांटोकर

उघड मिळण्याचा विषय निघालाच आहे, तर एक गंमत सांगतो. मी राहतो तेथे, म्हणजे कॅनडात, डीएचईए नियंत्रित पदार्थांच्या यादीत असून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. दीड-दोन तास गाडी चालवून नायगारा ओलांडला की बफेलोच्या कोणत्याही औषधदुकानात तीच गोळी मल्टिव्हिटॅमिनच्या शेजारी फळीवर ठेवलेली असते. सीमा ओलांडल्याने रेणू बदलत नाही. बदलतो तो कायदा.

अमेरिकी औषध प्रशासनाने १९८५ साली डीएचईएची चिठ्ठीविना विक्री बंद केली होती. १९९४च्या आहारपूरकांच्या कायद्याने ते पूरक म्हणून परत आले. २००४ साली अँड्रोस्टेनडायोन आणि त्याची भावंडे स्टेरॉइडांच्या नियंत्रित यादीत टाकली गेली, तेव्हा त्याच कायद्यात डीएचईएला नाव घेऊन वगळण्यात आले. तेव्हा "अमेरिकेत सर्रास मिळते म्हणजे सुरक्षित असणार" हा तर्क शेवंतीताईंच्या नणंदेने सोडून द्यावा. पूरकांच्या दर्जाचीही तीच कथा आहे. १९९८ साली बाजारातल्या सोळा छापांची तपासणी झाली, तेव्हा लेबलवर लिहिलेल्या मात्रेच्या शून्य टक्क्यांपासून १५० टक्क्यांपर्यंत डीएचईए आत सापडले.

चहाटळ

शून्य टक्के असलेली बाटली सर्वांत सुरक्षित होती, हे कोणीतरी नमूद करायला हवे होते.

ऊनसावली

माझा अनुभव लिहिते. रजोनिवृत्तीनंतर थकवा, कोरडेपणा आणि कशातच मन न लागणे सुरू झाले, तेव्हा एका "वार्धक्यरोधक" केंद्रात मला रोज ५० मिलिग्रॅम डीएचईए सुरू केले. माझ्या यजमानांनाही तेच, तेवढेच. त्यांना महिने उलटले तरी बरे वाटले नाही की वाईट वाटले नाही. मला मात्र हनुवटीवर मुरुमे आली, वरच्या ओठावर लव दाट झाली आणि कपाळाजवळचे केस विरळ दिसू लागले. पार्लरमधल्या मुलीनेच प्रथम विचारले की काकू, नवीन औषध चालू आहे का. गोळी बंद केल्यावर मुरुमे गेली. ओठावरच्या लवेसाठी अजून थ्रेडिंग करावे लागते. एकच गोळी, एकच मात्रा आणि दोघांत इतका फरक, हे कोडे मला कोणी उलगडून सांगितले नाही.

अंतःस्रावी

ऊनसावलीताई, तुम्ही दोघांनी मिळून नकळत एक चांगला प्रयोग करून दाखवला आहे. पुरुषाच्या वृषणांतून रोज पाच-सात मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन बाहेर पडत असते; त्यात डीएचईएपासून आलेली थोडीशी भर दिसून येत नाही, आणि जे काही दिसते ते बहुधा इस्ट्रोजेनच्या बाजूला दिसते. स्त्रीच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन मुळातच फार कमी असते, आणि त्यातला जवळपास निम्मा वाटा अँड्रोस्टेनडायोनचे ग्रंथींबाहेर रूपांतर होऊन येतो. म्हणून ५० मिलिग्रॅम डीएचईएने स्त्रीचे टेस्टोस्टेरॉन ठळकपणे वाढते. त्यातच त्वचेतल्या केसांच्या मुळाशी आणि तेलग्रंथींत डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनपर्यंतची सगळी विकरे हजर असतात. तुमच्या हनुवटीवर जे घडले ते रक्ततपासणीत कदाचित पूर्णपणे दिसलेही नसते, कारण ते संप्रेरक त्वचेच्या पेशीतच तयार होऊन तेथेच वापरले गेले.

टोरांटोकर

पेशीतच तयार होऊन तेथेच वापरले जाणारे संप्रेरक, हा विचार क्विबेकच्या फर्नांड लाब्री यांनी आयुष्यभर मांडला. त्याचा एक उपयोगही झाला. रजोनिवृत्तीनंतर संबंधांच्या वेळी होणाऱ्या वेदनांसाठी ६.५ मिलिग्रॅम डीएचईएची योनिमार्गात ठेवायची वडी अमेरिकेत २०१६ साली औषध म्हणून संमत झाली. तेथील पेशी तिचे इस्ट्रोजेन आणि अँड्रोजेन स्वतःपुरते करून घेतात आणि रक्तातली पातळी रजोनिवृत्त स्त्रीला साजेशीच राहते. तोंडाने ५० आणि तेथे ६.५, हा फरक वाट कोणती आहे यामुळे पडतो.

हेमाडपंती

वार्धक्यरोधक केंद्रांबद्दल थोडे कडक लिहिणार आहे.

डीएचईए आणि त्याचे सल्फेट यांची पातळी विशीत-तिशीत शिखरावर असते आणि सत्तरी-ऐंशीपर्यंत त्याच्या दहा-वीस टक्क्यांवर येते, हे खरे आहे. मानवी अधिवृक्क ग्रंथी डीएचईए सल्फेट स्रवते हे १९६० साली दाखवून देणारे फ्रेंच शास्त्रज्ञ एतियेन-एमिल बोलिए यांनाही या घसरणीचे आकर्षण होते. त्यांच्या चमूने साठ ते एकोणऐंशी वयाच्या २८० जणांना वर्षभर रोज ५० मिलिग्रॅम डीएचईए किंवा नकली गोळी दिली आणि २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. विशेषतः सत्तरीपुढच्या स्त्रियांत कामेच्छा, त्वचा आणि हाडांची झीज यांत माफक सुधारणा दिसली. जाहिराती तेथेच थांबतात. २००६ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी दोन वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डीएचईएची पातळी तरुणांइतकी वाढली, पण स्नायू, ताकद, इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद किंवा जीवनमान यांपैकी कशातही म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पातळी घटते म्हणजे ती भरून काढलीच पाहिजे, हा निष्कर्ष त्या घसरणीतून आपोआप निघत नाही. केसांतला काळा रंगही वयाबरोबर घटतो.

उंदरांवरच्या जुन्या प्रयोगांचे दाखले देणाऱ्यांना एवढेच विचारावे की उंदराची अधिवृक्क ग्रंथी जवळजवळ डीएचईए बनवतच नाही, मग त्याच्यात कोणती कमतरता भरून काढली गेली होती?

अंतःस्रावी

हेमाडपंती यांच्याशी बहुतांशी सहमत आहे, पण एक अपवाद नोंदवला पाहिजे. ज्यांच्या अधिवृक्क ग्रंथी निकामी झाल्या आहेत अशा स्त्रियांत डीएचईए खरोखरच नाहीसे झालेले असते. जर्मनीत अशा २४ स्त्रियांना चार महिने ५० मिलिग्रॅम देऊन केलेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मनःस्थिती आणि लैंगिक आयुष्य यांत सुधारणा दिसली. कमतरता असणे आणि वय होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गुळवेल

एक वेगळी बाजू मांडते. व्हिटॅमिन डीसुद्धा पूर्वद्रव्यच आहे ना? साठ हजार युनिटची पुडी घेतली की आधी यकृत आणि मग मूत्रपिंड त्याचे खरे संप्रेरक बनवते. मी घेते ती थायरॉक्सिनची गोळी तर टी-फोर आहे, तिचे टी-थ्री शरीरच करते. मग "शरीर हवे तेवढे घडवते" हे वाक्य या दोन्ही बाबतींत खरे असताना डीएचईएला खोटे का ठरावे? रसायनवेडा यांच्या पाटाच्या पाण्याला येथे दारे कोण लावते?

रसायनवेडा

हा प्रश्न या धाग्यातला सर्वांत चांगला प्रश्न आहे. मूत्रपिंडात डीला अखेरचे रूप देणारे विकर पॅराथायरॉइड संप्रेरकाने वाढते, एफजीएफ-२३ या संप्रेरकाने कमी होते, आणि जास्त झालेले संप्रेरक मोडून टाकणारे दुसरे विकर तयारच असते. टी-फोरचे टी-थ्री करणाऱ्या डिआयोडिनेज विकरांपैकी एक टी-फोर जास्त झाल्यावर स्वतःच नष्ट होऊ लागते, आणि वर थायरॉइडला चालवणारे टीएसएच पहारा देत असते. तेथे पाटाला माणूस बसवला आहे. डीएचईएला तसा पहारेकरी नाही.

अंतःस्रावी

नेमके हेच. एसीटीएच कमी-जास्त होते ते कॉर्टिसोल पाहून. डीएचईए कितीही वाढले तरी पियुषिका ग्रंथी त्याची दखल घेत नाही, आणि त्वचेतले किंवा चरबीतले विकर "आता पुरे झाले" असे कोणाला विचारून थांबत नाही. नणंदबाईंचे वाक्य त्यांनी डीसाठी उच्चारले असते, तर मी मान डोलावली असती. अर्थात डीच्या पहारेकऱ्यालाही मर्यादा आहे. साठ हजारांची पुडी आठवड्याला एक घ्यायची असताना रोज एक घेत राहिलेले रुग्ण उलट्या आणि रक्तातले वाढलेले कॅल्शियम घेऊन येतात.

सदाशिव

वडिलांना प्रोस्टेटचा कर्करोग आहे म्हणून हा विषय मला जवळचा आहे. टेस्टोस्टेरॉन दाबणारी इंजेक्शने सुरू असूनही पीएसए (प्रोस्टेटच्या रक्ततपासणीतला आकडा) वाढू लागला, तेव्हा डॉक्टरांनी अबिराटेरोन सुरू केले. ते वर उल्लेख झालेले सीवायपी१७ए१ हेच विकर बंद करते, कारण वृषणे गप्प बसवली तरी अधिवृक्क ग्रंथीतून आलेल्या डीएचईएपासून गाठ स्वतःचे खाद्य स्वतः तयार करत राहते. ते टेस्टोस्टेरॉन गाठीच्या आतच बनत असल्यामुळे रक्तात फारसे दिसतही नाही. त्यांच्याच वयाचे त्यांचे एक मित्र "ताकदीसाठी" डीएचईए घेत होते, हे कळल्यावर मी त्यांना हात जोडून बंद करायला सांगितले.

रूपांतर सर्वांत सारखे होत नाही, हेही मला तेव्हाच कळले. थ्री-बीटा-एचएसडी बनवणाऱ्या एचएसडी३बी१ या जनुकाचा एक प्रकार असा आहे की त्याचे विकर पेशीत लवकर मोडत नाही, त्यामुळे त्या माणसात डीएचईएचे पुढचे रूपांतर जास्त होते. हा शोध २०१३ साली प्रसिद्ध झाला. बाटलीवर "एक गोळी रोज" छापणाऱ्याला घेणाऱ्याचे जनुक ठाऊक नसते.

नमुना

मी प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे तपासण्यांबद्दल दोन गोष्टी सांगतो. डीएचईए रक्तात थोडाच वेळ टिकते आणि सकाळ-संध्याकाळ बदलते, म्हणून आम्ही डीएचईए सल्फेट मोजतो. त्याचे अर्धायुष्य दहा ते वीस तासांचे असून ते दिवसभर बरेच स्थिर राहते. परंतु गोळी सुरू झाल्यावर हा आकडा वाढला याचा अर्थ गोळी पोटात गेली, एवढाच. तिचे पुढे काय झाले हे पाहायला टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्राडायोल लागतात. स्त्रियांचे कमी पातळीतले टेस्टोस्टेरॉन नेहमीच्या इम्युनोअॅसे या यंत्रचाचणीने नीट मोजले जात नाही. शक्य असेल तेथे मास स्पेक्ट्रोमेट्री या अधिक अचूक पद्धतीने करून घ्यावे.

दुसरी गोष्ट केसांच्या गोळ्यांची. शरीराला रोज साधारण ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरते, आणि केस-नखांच्या एका गोळीत १०,००० मायक्रोग्रॅम असते. बऱ्याच यंत्रांची चाचणी बायोटिनच्याच बंधावर चालत असल्याने अशा रुग्णांत टेस्टोस्टेरॉन आणि डीएचईए सल्फेट खोटे जास्त, तर टीएसएच खोटे कमी येऊ शकते. फॉर्मवर "इतर औषधे" या रकान्यात बहुतेक जण "नाही" लिहितात, कारण जीवनसत्त्वाला कोणी औषध समजत नाही.

मोरपंखी

मूळ प्रश्नाकडे येते, कारण शेवंतीताईंना उत्तराचा अर्धाच भाग मिळाला आहे. प्रेग्नेनोलोन का नको हे कळले. डीएचईए का हवे, हे कोणी लिहिलेच नाही.

वाढणाऱ्या बीजकोशातल्या पेशींना अँड्रोजेनचा आधार मिळाला की त्या एफएसएचला, म्हणजे बीजकोश वाढवणाऱ्या संप्रेरकाला, चांगला प्रतिसाद देतात, ही त्यामागची कल्पना आहे. बीजकोश वाढायला महिने लागतात, म्हणून सुमारे तीन महिने आधी सुरुवात करतात. पहिले छोटे निरीक्षण २००० साली प्रसिद्ध झाले आणि पुढे न्यूयॉर्कच्या एका केंद्राने त्याचा जोरदार पुरस्कार केला. मात्र युरोपातल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संघटनेच्या, म्हणजे ईएसएचआरईच्या मार्गदर्शक सूचनांत कमी प्रतिसाद देणाऱ्या स्त्रियांसाठी डीएचईए सुचवलेले नाही, कारण पुरावा पुरेसा नाही. मी स्वतः डीएचईए घेतल्यानंतरच्या चक्रात आई झाले; ते डीएचईएमुळे की त्या चक्रात औषधांची मात्राही बदलली होती त्यामुळे, हे मी सांगू शकत नाही. पीसीओएस हा अंडाशयाचा विकार असेल, तर मात्र आधी डीएचईए सल्फेट आणि टेस्टोस्टेरॉन तपासल्याशिवाय घेऊ नये, कारण तेथे अँड्रोजेन आधीच वाढलेले असू शकते.

हेमाडपंती

मोरपंखी, इतक्या प्रामाणिक शब्दांत "सांगू शकत नाही" असे लिहिलेले अनुभवकथन मी क्वचितच वाचले आहे.

शेवंती

सर्वांचे मनापासून आभार. धाग्यातले मुद्दे लिहून घेऊन मी डॉक्टरांकडे पुन्हा गेले आणि या वेळी वेळ मागूनच घेतली. पुरावा कमकुवत आहे, हे त्यांनी सरळ मान्य केले. माझ्या वयात आणि माझ्या एएमएचला हाताशी फारसे पर्याय नाहीत, म्हणून ते सुचवतो असे म्हणाले. आधी डीएचईए सल्फेट आणि टेस्टोस्टेरॉन करून घेतले. दोन्ही मर्यादेच्या खालच्या बाजूला आहेत आणि पीसीओएस नाही. एक महिना घेऊन पुन्हा टेस्टोस्टेरॉन तपासायचे, मुरुमे किंवा लव वाढली तर थांबवायचे, असे आमचे ठरले आहे. प्रेग्नेनोलोनची बाटली न उघडता कपाटात ठेवली आहे.

नमुना, एक विचारायचे होते. मी केसांसाठी बायोटिन घेत होते आणि पहिला नमुना देताना ते सांगितले नव्हते. तपासणी पुन्हा करावी का?

चहाटळ

नणंद भारतात आली की कपाट उघडले जाईल, याचा विचार केला आहे का?

नमुना

बायोटिनने हे दोन्ही आकडे खोटे वर जातात, आणि तुमचे खालच्या बाजूला आले आहेत. त्यामुळे खरे आकडे याहून जास्त असण्याची शक्यता फार कमी आहे आणि पीसीओएसची शंका त्यातून उद्भवत नाही. परंतु महिन्याभराने येणाऱ्या आकड्याशी तुलना करायची, तर सुरुवातीचा आकडा खरा हवा. गोळ्या अजून सुरू केल्या नसतील, तर बायोटिन किमान दोन-तीन दिवस बंद ठेवून नमुना परत द्या. पुढच्या वेळीही तसेच करा आणि दोन्ही नमुने एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीने मोजून घ्या.

शेवंती

गोळ्या सोमवारी सुरू करणार होते. आता नमुना देऊन मगच सुरू करते.